कोकणात नवं घर घेताय? चावी घेण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या

मे महिना आला की मुंबई-गोवा हायवेच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्स उगवतात. 'सी व्ह्यू बंगलो', 'एनए प्लॉट', 'गणपतीपूर्वी ताबा'. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला तेव्हापासून अलिबागकडचे भाव तर विचारूच नका, आणि आता तीच हवा दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण करत खाली सरकतेय. चाकरमानी सुट्टीला आलेला असतो, आंबे चालू असतात, घर नवं कोरं, रंगाचा वास अजून गेलेला नाही, बाल्कनीतून समुद्राची एक पट्टी दिसते आणि माणूस टोकन देऊन मोकळा होतो. मग जुलैमध्ये फोन सुरू होतात. भिंतीला ओल आलीय, ड्रेनेज तुंबलंय, बिल्डर फोन उचलत नाही, आणि कुणीतरी चुलत भाऊ उगवलाय जो म्हणतो जमिनीत माझा पण हिस्सा आहे.

म्हणून हे जरा नीट लिहून काढतोय. कायद्याची भाषा शक्य तितकी बाजूला ठेवतो, जिथे शब्द टाळताच येत नाही तिथे एकदा अर्थ सांगतो.

जुन्या घराचं निदान सगळं दिसतं तरी

जुनं घर बघायला गेलात तर भिंतीवरची ओल दिसते, स्लॅबची सुटलेली खपली दिसते, वाळवी लागलेली चौकट दिसते. शेजारी सांगतात की पाणी कुठवर येतं आणि विहीर एप्रिलमध्ये आटते की मेमध्ये. नव्या घराला यातलं काहीच नसतं. नवी छत्री दुकानात कितीही वेळा उघडून बघा, गळते की नाही ते पहिल्या झडीतच कळणार, तसं आहे हे. आणि आपल्याकडची झड म्हणजे काय ते सांगायला नको, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

आता गंमत बघा. पाण्याचे दोष पहिल्या पावसात दिसतात, भराव खचल्याचे दोन-तीन पावसांनंतर, आतलं लोखंड गंजल्याचे काही वर्षांनी, आणि कागदांचे दोष तर तुम्ही घर विकायला किंवा गहाण ठेवायला जाता तेव्हा. पैसे मात्र तुम्ही या सगळ्याच्या आधीच पूर्ण दिलेले असतात. त्यामुळे नव्या घरात दोष आहे का यापेक्षा, तो दिसेल त्या दिवशी तुमच्या हातात कुठला कागद, कुठला हक्क आणि किती शिल्लक पैसे असतील हे जास्त महत्त्वाचं, आणि ते सगळं चावी घेण्याआधीच ठरतं.

घर नवं, पण जमीन पणजोबांच्या वेळची

कोकणात घरापेक्षा जमीन जास्त त्रास देते. सातबारा उघडून बघा, एकेका तुकड्यावर वीस-वीस नावं, त्यातले निम्मे वारलेले, उरलेले मुंबईत, एखादा बडोद्याला. याला सामायिक जमीन म्हणतात, म्हणजे वाटप झालेलंच नाही, प्रत्येक दगडात प्रत्येकाचा हिस्सा. अशा जमिनीवर एक भाऊ बिल्डरला हाताशी धरून बंगले बांधतो, बाकीच्यांना कळतं तेव्हा बंगले विकलेले असतात आणि भांडण तुमच्या दारात येतं. त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं कित्येक घरांत सातबाऱ्यावर चढवलेलीच नसतात. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो जन्मानेच मिळतो हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे सातबाऱ्यावर आत्याचं नाव नाही याचा अर्थ आत्याचा हक्क नाही असा होत नाही.

मुळात सातबारा हा महसूल खात्याचा कागद, सरकारने सारा कुणाकडून वसूल करायचा यासाठीचा. तो मालकीचा अंतिम पुरावा नाही, कोर्टांनी हे वारंवार सांगितलंय. मालकी बघायची तर जुनी खरेदीखतं, फेरफार, वाटणीपत्रं असं मागे मागे जावं लागतं. हे काम वकिलाचं. तो साधारण तीस वर्षांचा शोध घेतो आणि सर्च रिपोर्ट देतो. हा वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको. फी वाचवायची जागा ही नव्हे.

सातबाऱ्यात एक रकाना असतो 'इतर हक्क' नावाचा, तो लोक बघतच नाहीत. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कोर्टाची स्थगिती, विहिरीतला किंवा वाटेचा हक्क, सगळं तिथे असतं. आपल्याकडे खोती गेली, कुळकायदा आला, कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या, पण त्यातल्या बऱ्याच जमिनींवर 'कुळकायदा कलम ४३ ला पात्र' असा शेरा असतो. म्हणजे विक्री करायला बंधन आहे आणि त्याची पूर्तता झाल्याचा कागद लागतो. 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तरी तसंच, थांबा आणि विचारा. सिंधुदुर्गात याच्या जोडीला वनसंज्ञा (सरकारी नोंदीत वन म्हणून लागलेली जमीन), आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली), आणि आंबोली-चौकुळ-गेळे पट्ट्यात कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांनी सामूहिकपणे धरलेल्या) जमिनींचा प्रश्न आहेच. हे शब्द कागदावर दिसले तर घर कितीही सुंदर असो, पुढचा हप्ता देऊ नका आधी उलगडा करा.

आणि 'फार्महाऊस प्लॉट' हा वेगळाच प्रकार. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात सहसा घेता येत नाही. मग काय करतात, एका मोठ्या शेतजमिनीत पंधरा जणांची नावं सामायिक लावतात आणि जागेवर चुन्याच्या रेषा मारून 'हा तुमचा प्लॉट' म्हणून सांगतात. सातबाऱ्यावर रेषा नसतात. पंधरापैकी एकाने उद्या वाद काढला की पंधराही अडकले. जमीन राहण्यासाठी वापरता येते याचा कागद म्हणजे बिनशेती आदेश किंवा सनद, ज्याला सगळे एनए म्हणतात, तो आणि मंजूर लेआउट स्वतः बघा, फ्लेक्सवर 'एनए' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. फ्लेक्सवर काहीही लिहिता येतं.

समुद्र दिसतो त्याचे जादा पैसे दिले, सीआरझेडचं विचारलं का?

सीआरझेड म्हणजे किनारपट्टीवर बांधकामाला बंधनं घालणारे केंद्राचे नियम. १९९१ ला आले, २०११ ला बदलले, २०१९ ला परत बदलले. मोजायला सुरुवात होते भरती रेषेपासून, आणि ही रेषा तुम्ही उभे राहून बघता ती नव्हे, अधिकृत नकाशावर आखलेली. २०१९ च्या अधिसूचनेत गावांचे दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेत जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या आहे तिथे ५० मीटर, आणि बाकी ठिकाणी २०० मीटरपर्यंत बांधकाम नको असा पट्टा. आपली बहुतेक किनाऱ्यावरची गावं विरळ, म्हणजे दुसऱ्या प्रकारात. त्यापुढे ५०० मीटरपर्यंतही मोकळं रान नाही. गावठाणातल्या, पूर्वीपासून राहणाऱ्यांच्या घरांना जी सवलत आहे ती सुद्धा साधारण तळमजला अधिक एक आणि नऊ मीटर उंची इतकीच. तेव्हा या पट्ट्यात कुणी तीन मजली अपार्टमेंट दाखवत असेल तर परवानगी कुठून आणली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. खाडीलाही हे नियम लागतात बरं का, भरतीचं पाणी जिथवर आत येतं तिथवर. 'समुद्र लांब आहे' हे उत्तर खाडीकाठच्या घराला चालत नाही.

यावर हमखास येणारा मुद्दा: शेजारी एवढं मोठं हॉटेल उभं आहे, त्याला कुणी काही केलं नाही. असेलही. पण कारवाई एकदम सगळ्यांवर होत नाही, तक्रार होते त्याच्यावर होते. किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, तोवर तो तिथे दिमाखात उभाच होता. तो बडा माणूस म्हणून सोडून द्या, पण केरळात कोचीजवळ मरडूला काय झालं ते बघा. चार अपार्टमेंट प्रकल्प, लोकांनी पैसे भरून घेतलेले फ्लॅट, बांधकाम परवाने २००६ मध्ये तिथल्या पंचायतीनेच दिलेले. सुप्रीम कोर्टाने मे २०१९ मध्ये पाडायचा आदेश दिला आणि जानेवारी २०२० मध्ये दोन दिवसांत सगळे टॉवर जमीनदोस्त. फ्लॅटमालकांना सुरुवातीला २५ लाखांपर्यंत अंतरिम भरपाई मिळाली, पण घर गेलं ते गेलंच. परवाना देणारा चुकला तरी इमारत वाचत नाही हे त्यातून लक्षात घ्या.

घरपट्टी लागली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

हा आपल्या गावांतला सगळ्यात मोठा गैरसमज. ग्रामपंचायत घरपट्टी लावते, असेसमेंटचा उतारा देते, लाईट मीटर येतं, नळ जोडला जातो, आणि सगळ्यांना वाटतं घर कायदेशीर. घरपट्टी हा कर आहे. बेकायदा बांधकामावर पण तो लागतो, कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

बघायचे ते दोन कागद. एक, काम सुरू करायची परवानगी, तिला सीसी म्हणतात. ती गावठाणाबाहेर असाल तर ग्रामपंचायत सहसा देऊ शकत नाही, ती महसूल आणि नगररचना खात्याकडून येते. दुसरा, मंजूर नकाशाप्रमाणे काम झालंय आणि आता राहायला हरकत नाही असा दाखला, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, बोलीभाषेत ओसी. घोळ असा की काही लोक पूर्णत्वाच्या दाखल्याला पण सीसी म्हणतात, त्यामुळे 'सीसी आलीय साहेब' असं कुणी म्हणालं तर कागद हातात घेऊन वरचं शीर्षक वाचा. सुरुवातीची परवानगी दाखवून शेवटच्या दाखल्याचं समाधान देणारे महाभाग आहेत.

ओसी नसलेल्या घरात लोक वर्षानुवर्षं राहतात हे खरंय. पण विकायला गेलात की गिऱ्हाईकाची बँक पहिला तोच मागते. आणि परवानगी होती दोन मजल्यांची, बांधले तीन, असं असेल तर तिसऱ्या मजल्यावर तुम्ही आहात की नाही एवढाच काय तो प्रश्न उरतो.

रेरा आहे ना, मग कशाला घाबरायचं?

रेरा म्हणजे बिल्डर आणि ग्राहक यांच्यातले नियम ठरवणारा २०१६ चा कायदा, आपल्याकडे त्याचं काम महारेरा बघतं. कायदा चांगला आहे, मी स्वतः त्याच्या बाजूचा. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते त्याच प्रकल्पावर खर्च करायचे. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. क्षेत्रफळ कार्पेटवर सांगायचं, म्हणजे बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची सोडून आतली वापरायची जागा. ताबा लांबला तर तुम्ही पैसे व्याजासकट परत मागू शकता, किंवा थांबायची तयारी असेल तर दर महिन्याचं व्याज. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा.

पण थांबा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. आता आठवून बघा तुमच्या गावात जे होतंय ते कितीचं असतं. चार बंगले, सहा फ्लॅटची चाळवजा बिल्डिंग, दोन जुळी घरं. म्हणजे कोकणातला मोठा भाग या जाळीतून खाली पडतो. काही हुशार लोक मुद्दाम तुकडे करतात, सहा बंगले आता, सहा पुढच्या वर्षी, वेगळ्या नावाने. कायद्यात 'सगळे टप्पे धरून' असं लिहिलेलं आहे, त्यामुळे ही पळवाट खरं तर पळवाट नाही, पण ते तुम्हाला भांडून सिद्ध करायला लागतं.

प्रकल्प नोंदणीचा असेल तर महारेराच्या साईटवर नंबर टाकून बघा, ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड पण सक्तीचा आहे. तिथे मंजूर नकाशा, वकिलाचा अहवाल, पूर्ण करायची तारीख, चालू असलेल्या केसेस असं बरंच असतं, अर्धा तास घालवा. नोंदणी नसेल तर घर घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण मग रेरा आपोआप जे देतो ते करारात एकेक कलम करून लिहून घ्यायला लागतं: ताब्याची तारीख, उशिराचं व्याज, पाच वर्षांची दोषदुरुस्ती, कार्पेट क्षेत्रफळ, कुठल्या कंपनीची पाईप आणि वायर. फ्लॅट असेल तर १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरवर बंधनं घालणारा राज्याचा कायदाही आहे, आणि बांधकामातली हलगर्जी ग्राहक आयोगात नेता येते, पण तिथे साधारण दोन वर्षांची मुदत असते हे लक्षात असू द्या.

खारी वाळू, खारं पाणी

आता सिमेंट-काँक्रीटकडे येऊ, कारण इथे कागद कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही.

काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात. चांगल्या काँक्रीटमध्ये सळी गंजत नाही कारण सिमेंटमुळे तिच्यावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातला क्लोराइड हा थर फोडतो. मग सळी गंजायला लागते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, आतून काँक्रीटला ढकलतो, आणि काही वर्षांनी स्लॅबखाली सळीच्या रेषेत चीर दिसते. मग पोपडा पडतो. किनाऱ्यावर हे मीठ दोन बाजूंनी येतं. वाऱ्याबरोबर बाहेरून, ते आपल्या हातात नाही. आणि आतून, म्हणजे खाडीची न धुतलेली वाळू वापरली किंवा खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी काँक्रीट कालवायला आणि मारायला घेतलं तर. हे मात्र पूर्णपणे माणसाच्या हातात आहे. नदीची वाळू महाग, खाडीची ड्रेजरने उपसलेली जवळ मिळते, आणि ती धुवायला गोडं पाणी लागतं जे मार्च-एप्रिलमध्ये गावातच प्यायला नसतं. आता कोण धुणार?

यावर भारतीय मानक आहे, आयएस ४५६, ज्यात किनाऱ्यालगत उघड्यावर असलेल्या काँक्रीटला 'सिव्हिअर' परिस्थिती धरतात. तिथे किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट लागतं आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण, ज्याला साईटवर कव्हर म्हणतात. घाटावरच्या कोरड्या ठिकाणी आतल्या भागाला २० मिलिमीटर चालून जातं. आपल्याकडचे ठेकेदार बरेचदा तेच वीस मिलिमीटर इथेही ठेवतात, कारण सवय आणि कारण कव्हर वाढवलं की बीमची मापं वाढतात. शिवाय पाणी मारायचं असतं किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला दहा. उन्हाळ्यात, पाण्याच्या टंचाईत, मजूर दुपारी झोपलेला असताना ते किती होतं ते तुम्ही साईटवर अचानक जाऊन बघा.

तयार घर बघताना हे सगळं प्लास्टरखाली गेलेलं असतं. म्हणून बांधकाम चालू असताना घेत असाल तर स्लॅब ओतायच्या आधी जा, सळीखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत का बघा, वाळू कुठली आणि पाणी कुठलं ते मुकादमाला विचारा, तो बिल्डरपेक्षा खरं बोलतो. तयार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा. तो हातोडी वाजवून पोकळ आवाज ओळखतो, काँक्रीटची ताकद बघायला रिबाउंड हॅमर आणि सळीवरचं आवरण मोजायला कव्हर मीटर लावतो, घराच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही.

'नवीन बिल्डिंग कशी पडेल' असं कुणी म्हणालं तर महाडचं आठवा. २४ ऑगस्ट २०२० ला तारीक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यासारखी बसली, १६ माणसं गेली. जुनी, जीर्ण, धोकादायक म्हणून जाहीर केलेली वगैरे नव्हती ती, दहा वर्षांच्या आसपासचीच.

चिरा, स्लॅब आणि पाऊस

जांभ्याचा चिरा आपला, गार राहतो, दिसतो छान. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. जुन्या घरांना म्हणून लांब वळचण असायची, पडवी असायची, भिंतीवर थेट झड यायचीच नाही. आता शहरी डिझाईनचे बंगले बांधतात, सपाट स्लॅब, छज्जा जेमतेम दीड फूट, नैऋत्येला मोठ्या काचा, आणि बाहेरून उघडा चिरा 'कोकणी लुक' म्हणून. तो लुक जुलैमध्ये आतल्या भिंतीवर उतरतो. मग दुसऱ्या वर्षी गच्चीवर पत्र्याची शेड येते, जिचा खर्च तुमचा आणि जिची परवानगी कुणीच काढलेली नसते. घर बघताना आजूबाजूच्या गच्च्यांकडे बघा, सगळ्यांनी पत्रे घातलेत का? घातले असतील तर तुम्हालाही घालायचेत, ते पैसे भावात धरून बोला.

डोंगर कापून केलेला सपाट प्लॉट

व्ह्यूसाठी उतारावर घर हवं असतं. उतार कापायचा, निघालेली माती पुढे टाकायची, गडग्यासारखी एक भिंत घालायची, झाला सपाट प्लॉट. म्हणजे घराचा मागचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि पुढचा भरावावर. भराव दोन-तीन पावसांत बसतो, मागचा भाग बसत नाही, आणि घराला मधोमध तिरकी चीर जाते. जांभ्याच्या कातळाखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळसर चिकट माती असते, ती पाणी मुरलं की घसरते, त्यामुळे वर कातळ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. नियमाप्रमाणे पाचास एकपेक्षा जास्त उतारावर, म्हणजे पाच फूट पुढे गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढत असेल तर बांधकामाला परवानगी नसते. संरक्षक भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का ते बघा. नसतील तर मागे साठलेलं पाणीच ती भिंत ढकलतं.

नदीकाठी असाल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि २००५ ला पण पाहिलं होतं, त्यामुळे ही शंभर वर्षांची भाषा फार मनावर घेऊ नका. जवळच्या जुन्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

आणि उलट बाजू, मेमधलं पाणी. इतका पाऊस पडून एप्रिलनंतर टँकर हे आपलं जुनंच दुखणं. बिल्डर म्हणतो बोअर आहे. किती फुटांवर, मेमध्ये किती वेळ चालते, पाणी मचूळ होतं का, हे विचारा आणि शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे ते पावलांनी मोजा. जांभ्यातून सांडपाणी फार पटकन झिरपतं.

पैशाचं थोडक्यात

बांधकाम चालू असताना घेतलं तर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या मर्यादेत बसलं तर १ टक्का. ओसी आल्यावर घेतलं तर जीएसटी नाही. म्हणजे पन्नास लाखांच्या घरावर अडीच लाखांचा फरक, आणि वर तयार घर डोळ्यांनी बघायला मिळतं. 'आत्ता बुक करा, स्वस्त पडेल' म्हणणाऱ्याला हा हिशोब मांडून दाखवा. हप्ते तारखांवर ठेवू नका, कामाच्या टप्प्यावर ठेवा, आणि शेवटचा बऱ्यापैकी मोठा हप्ता ओसीला जोडा. करार बायकोच्या नावाने करत असाल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, विचारून घ्या.

पण बँकेने लोन दिलंय, आणि माणूस ओळखीचा आहे

बँक बघते ती तिचे पैसे परत येतील का. तुमचा पगार, तुमची सही, जामीनदार हे पण तिच्या हिशोबात असतं. उद्या घरावर हातोडा पडला तरी हप्ते तुम्हाला भरायचेच आहेत, त्यामुळे बँकेच्या वकिलाने पास केलं हा तुमचा विमा नव्हे.

आणि ओळखीचं म्हणाल तर, "आपलोच माणूस आसा, तो फसवचो नाय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. बहुतेक वेळा तो खरंच फसवत नाही. त्याचे पैसे अडकतात, भावाभावांत बिनसतं, ठेकेदार पळतो, 'निसर्ग' चक्रीवादळासारखं एखादं वादळ पत्रे घेऊन जातं. त्यावेळी लिहिलेलं काही नसलं की ओळख उलट आड येते, भांडताही येत नाही, गावच्या पालखीला समोरासमोर यायचं असतं. ओळखीच्या माणसाबरोबर करार जास्त सविस्तर करा, खरा आपला असेल तर तो रागावणार नाही.

चावी घेताना

शीर्षकात म्हटलंय तसं, जमलं तर घर जुलैमध्ये बघा. बिल्डर म्हणेल पावसात कशाला येताय, रस्ता खराब आहे. रस्ता खराब आहे हे पण कळू दे की. पाऊस पडत असताना खिडक्यांच्या खालचे कोपरे, बाथरूमच्या मागची भिंत, जिन्याचं डोकं, बीम आणि भिंतीचा सांधा हात लावून बघा. पावसाळा मिळालाच नाही तर गच्चीची भोकं बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवायला सांगा. सगळे नळ एकदम सोडा. सगळे दिवे, पंखे, गिझर एकदम लावा.

मग ताबा पत्र समोर येतं. त्यात बहुधा छापलेलं एक वाक्य असतं, की मी घर तपासलं असून माझी कोणतीही तक्रार नाही. पूजा ठरलेली असते, पाहुणे आलेले असतात, आणि माणूस सही करतो. ते वाक्य खोडा. खाली हाताने लिहा, 'सोबतच्या यादीतील दोष सोडून', यादी जोडा, दोघांच्या सह्या आणि तारीख घाला, फोटो काढा आणि त्याच दिवशी ईमेलवर पाठवून द्या. बिल्डर म्हणेल विश्वास नाही का, तर यादीवर त्याची पण सही घ्या आणि चहा पाजा. त्यानंतर पाच वर्षं दर जूनमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये त्याच जागांचे फोटो काढत राहा, काही निघालं तर तोंडी सांगू नका, लेखी कळवा आणि पोच ठेवा, कारण ३० दिवस तुम्ही लेखी कधी कळवलंत तिथून मोजावे लागतात. बंगला किंवा फ्लॅट मोठ्या प्रकल्पात असेल तर सोसायटी कधी होणार आणि खालची जमीन सोसायटीच्या नावावर कधी करून देणार हे पण त्याच दिवशी लिहून घ्या, नाहीतर घर तुमचं आणि जमीन अजून त्या वीस नावांचीच.